स्वस्त ऑनलाइन श्रेयांक अभ्यासक्रमाचा दर्जा कसा पारखावा

पदवी शिकत असताना काही विषय ऑनलाइन पूर्ण करून त्यांचे श्रेयांक, म्हणजेच क्रेडिट, आपल्या गुणपत्रिकेत घेण्याची सोय विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजेच यूजीसीने, २०१६ साली ‘स्वयम’ या सरकारी मंचासाठी केली. एका सत्रातील २० टक्के विषयांची तेव्हाची मर्यादा २०२१ च्या विनियमांनी ४० टक्क्यांवर गेली. स्वयमवर नावनोंदणी आणि शिकणे विनामूल्य आहे. पैसे पडतात ते परीक्षेचे, आणि एनपीटीईएल या आयआयटी व आयआयएस्सी यांच्या संयुक्त ऑनलाइन उपक्रमाच्या परीक्षेला एका विषयासाठी साधारण १००० रुपये शुल्क असते. इतक्या कमी पैशांत आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने मिळत असताना दर्जाची चौकशी कशाला, असे वाटणे साहजिक आहे. चौकशी तरीही करावी, आणि ती व्याख्यात्याच्या संस्थेच्या नावावरून नव्हे, तर तो अभ्यासक्रम विद्यार्थ्याकडून काय करवून घेतो आणि ते कसे तपासतो यावरून करावी.

सुरुवात अभ्यासक्रमाच्या माहिती-पानापासून करावी. स्वयमवरील सगळे विषय एकाच संस्थेचे नसतात. अभियांत्रिकी आणि विज्ञानाचा मोठा भाग एनपीटीईएलकडे आहे, तर इतर विषय सीईसी (यूजीसीची शैक्षणिक माध्यमांसाठीची संस्था), इग्नू, आयआयएम बंगळूरु, एआयसीटीई अशा राष्ट्रीय समन्वयक संस्थांकडे विभागलेले आहेत. एनपीटीईएल आपली परीक्षा स्वतः घेते आणि असाइनमेंटला २५, अंतिम परीक्षेला ७५ असे गुण ठेवते. एनटीए या राष्ट्रीय परीक्षा संस्थेमार्फत परीक्षा होणाऱ्या विषयांत ही विभागणी साधारणपणे ३०-७० असते. म्हणून मित्राने केलेल्या एका विषयावरून ‘स्वयम चांगले’ किंवा ‘स्वयम वाईट’ असा निकाल देण्यात अर्थ नाही.

यानंतर तासांचा हिशेब करावा. एनपीटीईएलचा १२ आठवड्यांचा अभ्यासक्रम ३ श्रेयांकांचा असतो आणि त्यात सुमारे ३० तासांची व्याख्याने असतात. राष्ट्रीय श्रेयांक आराखडा एका श्रेयांकासाठी विद्यार्थ्याचे ३० तास धरतो; म्हणजे तीन श्रेयांकांना ९० तास झाले. व्याख्यानांचे ३० वजा केले की उरलेले ६० तास, आठवड्याला पाच, वाचन, उदाहरणे आणि असाइनमेंट यांत जायला हवेत. आता पहिल्या दोन आठवड्यांचे काम प्रत्यक्ष करून पाहावे. व्हिडिओ दीडपट वेगाने लावून आणि दहा मिनिटांत असाइनमेंट उरकून आठवडा संपत असेल, तर त्या विषयाचे श्रेयांक कागदावर तीन असले तरी शिकणे एका श्रेयांकाइतकेही होत नाही. पाठ्यपुस्तक नेमलेले आहे का आणि त्यातील कोणती प्रकरणे कोणत्या आठवड्यात आहेत, हेही याच वेळी पाहावे. ज्या पानावर संदर्भ म्हणून केवळ ‘व्याख्यानाच्या नोट्स’ एवढाच उल्लेख असतो, त्या अभ्यासक्रमाबद्दल माझे मत सहसा प्रतिकूल असते.

दर्जा सर्वांत स्पष्ट दिसतो तो प्रश्नांत. एनपीटीईएलच्या बऱ्याच विषयांच्या मागील सत्रांतील असाइनमेंट आणि त्यांची उत्तरे पाहायला मिळतात. नोंदणीपूर्वी त्यांतील मधल्या एखाद्या आठवड्याची, म्हणजे पाचव्या-सहाव्याची, प्रश्नपत्रिका काढावी, कारण पहिल्या आठवड्याचे प्रश्न सगळीकडेच सोपे असतात. अर्थशास्त्राचे उदाहरण घेऊ. ‘मागणीची लवचीकता म्हणजे काय?’ असे विचारून चार व्याख्या पुढे ठेवणारा प्रश्न स्लाइड आठवते की नाही एवढेच तपासतो. त्याऐवजी ‘कांद्याचा भाव किलोला २० रुपयांवरून २५ झाला आणि दिवसाची विक्री १०० किलोंवरून ९० वर आली; मागणी लवचीक की अलवचीक, आणि विक्रेत्याची एकूण प्राप्ती वाढली की घटली?’ असे विचारले, तर विद्यार्थ्याला कागद-पेन्सिल घ्यावीच लागते. प्राप्ती २००० वरून २२५० रुपये झाली, लवचीकता मध्यबिंदू पद्धतीने (बदलाची टक्केवारी जुन्या-नव्या आकड्यांच्या सरासरीवर काढून) ०.४७ च्या आसपास, म्हणजे एकपेक्षा कमी असल्याने मागणी अलवचीक आली, आणि विक्री घटूनही विक्रेता फायद्यात का राहिला हे तेव्हा कळते. दोन्ही प्रश्न बहुपर्यायीच आहेत. बहुपर्यायी परीक्षा म्हटली की नाक मुरडण्याची आपली सवय त्यामुळे पूर्णपणे रास्त नाही. दहापैकी निम्मे प्रश्न दुसऱ्या जातीचे असतील, तर विषय घेण्यासारखा समजावा.

मात्र या पद्धतीच्या मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. सिद्धता मांडणे, प्रयोग करणे, दहा पानांचा निबंध लिहून त्यावर शिक्षकांचे शेरे मिळवणे, यांतले काहीच बहुपर्यायी प्रश्नांतून साधत नाही. ज्या विषयाचा गाभाच लेखन किंवा प्रयोगशाळा आहे, तो शक्यतो महाविद्यालयातच घ्यावा आणि ऑनलाइनसाठी एखादा ऐच्छिक विषय निवडावा. दुसरी अडचण असाइनमेंटच्या उत्तरांची. ती दर आठवड्याला समाजमाध्यमांवर तयार मिळतात, आणि बारापैकी सर्वोत्तम आठ असाइनमेंटचेच गुण धरले जात असल्यामुळे २५ पैकी बावीस-तेवीस गुण अनेकांच्या खिशात असतात. त्या गुणांवरून कोणाच्याही ज्ञानाचा अंदाज बांधू नये. एनपीटीईएलने यावर चांगला तोडगा ठेवला आहे: केंद्रावर जाऊन देखरेखीखाली द्यायच्या परीक्षेत ७५ पैकी किमान ३० गुण स्वतंत्रपणे मिळवावे लागतात, त्यामुळे उसन्या उत्तरांवर कोणी तरून जात नाही. कोणताही स्वस्त अभ्यासक्रम तपासताना हाच प्रश्न विचारावा की, ओळखपत्र पाहून घेतलेली परीक्षा आहे का आणि तिच्यात वेगळे उत्तीर्ण व्हावे लागते का.

चर्चामंच बहुतेक विद्यार्थी उघडूनही पाहत नाहीत, पण अध्यापन जिवंत आहे की नुसते ध्वनिमुद्रण चालू आहे हे तिथेच समजते. शंकेला दोन-तीन दिवसांत साहाय्यकाचे उत्तर आले आहे का, चुकीची उत्तरतालिका कोणी दाखवून दिल्यावर ती दुरुस्त करून गुण पुन्हा मोजल्याची सूचना निघाली आहे का, हे पाहावे. चुका सगळ्याच अभ्यासक्रमांत असतात.

खासगी संकेतस्थळांवरील प्रमाणपत्रांबाबत वेगळी काळजी घ्यावी. यूडेमीसारख्या ठिकाणचा पाचशे रुपयांचा कोर्स शिकण्यासाठी उत्तम असू शकतो. पदवीसाठी त्याचे श्रेयांक मिळत नाहीत. अमेरिकेत सोफिया, स्ट्रेटरलाइन यांसारख्या कंपन्यांच्या स्वस्त अभ्यासक्रमांना अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन श्रेयांकांची शिफारस देते, पण ती शिफारस स्वीकारणे प्रत्येक विद्यापीठाच्या मर्जीवर असते. तिकडे शिकायला जाणाऱ्यांनी आपल्या विद्यापीठाकडून आधी विचारून घेतल्याखेरीज पैसे भरू नयेत.

स्वयमवरही हीच शिस्त पाळावी. नावनोंदणी आणि परीक्षा-नोंदणी या दोन वेगळ्या पायऱ्या असल्यामुळे शुल्क भरण्यापूर्वी वरील तपासणीला पुरेसा वेळ मिळतो. दरम्यान अभ्यासक्रमाचा आराखडा घेऊन विभागप्रमुखांकडे जावे, तो आपल्या कोणत्या विषयाच्या जागी किती श्रेयांकांसाठी धरला जाईल हे लेखी घ्यावे, आणि महाविद्यालयात एनपीटीईएलचे स्थानिक केंद्र असल्यास तिथल्या समन्वयक प्राध्यापकांना भेटावे. मागच्या वर्षी किती मुलांनी तो विषय घेतला आणि किती परीक्षेला बसली, हे त्यांना बहुधा ठाऊक असते. ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या विद्यार्थ्याचे श्रेयांक साठवणाऱ्या सरकारी ऑनलाइन व्यवस्थेतील खाते आधीच उघडून त्यावरील नाव, जन्मतारीख आणि स्वयमवरील माहिती तंतोतंत जुळते का हे पाहावे. निकाल लागला की प्रमाणपत्र परीक्षा विभागात देऊन पोच घ्यावी, आणि पुढच्या गुणपत्रिकेत श्रेयांक दिसेपर्यंत ती पोच जपून ठेवावी.