क्रिमियातली गॉथिक आज बोलली जात असती तर: जर्मॅनिक भाषा रचायला बसणाऱ्यांसाठी

पर्यायी इतिहासातली जर्मॅनिक भाषा रचायची असेल तर शब्दांपासून सुरुवात करू नका. आधी इतिहासातली एकच गोष्ट बदला, आणि ती जितकी लहान तितकं बरं. ‘रोम पडलंच नाही’ असं धरलं की शेजारी कोण, धर्म कुठला, राज्य कुणाचं हे सगळंच मोकळं सुटतं, आणि मग भाषेला धरून ठेवणारं काही उरत नाही.

शिकायला क्रिमियातली गॉथिक (इंग्रजी-जर्मनच्या कुळातली, आता लुप्त झालेली भाषा) उत्तम, कारण तिच्याबद्दल थोडं पण खरं साहित्य हाती आहे. गॉथांचा बिशप वुल्फिला याने चौथ्या शतकात केलेल्या बायबलच्या भाषांतरातून व्याकरण मिळतं. ध्वनींसाठी आहे बुसबेकची यादी. हा फ्लेमिश माणूस हॅब्सबर्ग राजघराण्याचा राजदूत म्हणून कॉन्स्टँटिनोपलला असताना 1560 ते 1562 च्या दरम्यान क्रिमियातल्या दोघांना भेटला आणि त्याने जेमतेम शंभरेक शब्द टिपून घेतले. ते 1589 मध्ये छापले गेले. त्या दोघांतला एक गॉथ होता, पण आपली भाषा विसरलेला. दुसऱ्याला ती येत होती, पण तो मूळचा ग्रीक. म्हणून ‘श्लिपेन’ (झोपणे) यातला ‘श्ल’ क्रिमियाचा की बुसबेकच्या कानाचा, हे आपल्यालाच ठरवावं लागतं. शब्दाचा गाभा घ्या, लेखनावर विसंबू नका. ही भाषा वुल्फिलाच्या गॉथिकची थेट मुलगीही मानू नका. भाची म्हणणं जास्त बरोबर.

आता बदल. 1778 मध्ये रशियाने क्रिमियातल्या ख्रिस्ती लोकांना अझोव्ह समुद्राच्या उत्तरेला हलवलं, आणि मारियुपोल व आसपासची गावं वसली. त्यांच्यातला रुमेई हा गट ग्रीक बोलत राहिला, उरुम हा गट तुर्की वळणाची भाषा. आपण एवढंच धरायचं की त्या लोकांत दोन-तीन गावं गॉथिक बोलणारी होती. बाकी इतिहासाला हात लावायचा नाही.

यानंतरचं काम स्प्रेडशीटमध्ये करा. पहिल्या रकान्यात गॉथिक शब्द, पुढे एका रकान्यात एकच ध्वनिनियम, शेवटी बुसबेकचं रूप असेल तर तेही. दीडशे शब्द आणि पंधराएक नियम सुरुवातीला पुरतात. आघात असलेल्या अक्षरातला दीर्घ ए ‘ई’ होतो, दीर्घ ओ ‘ऊ’ होतो; कर्त्याचा शेवटचा ‘स’ गळतो. स्तोल्स (खुर्ची) मग स्तूल होतं, मेना (चंद्र) मीने, ब्रोथर ब्रूदर. बुसबेककडे स्तुल, मिने, ब्रुडर आहेत, म्हणजे गाडी रुळावर आहे.

सगळ्यात जास्त चुका नियमांच्या क्रमात होतात. ‘औगोना’ म्हणजे डोळे. बुसबेकने ‘ओएघेने’ लिहिलंय. यातल्या औचा ओ आधी केलात, तर पुढच्या रकान्यात ‘ओ’चा ‘ऊ’ होऊन ‘ऊगेने’ निघेल, आणि नोंद ते नाकारते. म्हणजे ओ→ऊ आधी, औ→ओ नंतर. असे पुरावे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, त्यांना जपा. काही जागी नोंदच उलटसुलट बोलते: मेनाचं ‘मिने’ झालं, पण त्याच वर्गातल्या ब्रुन्नाचा (झरा) शेवटचा ‘आ’ टिकला. तिथे एक बाजू घ्या, कारण वहीत लिहून ठेवा आणि सगळ्या शब्दांना तोच न्याय लावा.

दुसरी चूक म्हणजे नकळत जर्मन लिहिणं. प चा प्फ, शब्दात मध्येच त्स, अनेकवचनात आतला स्वर बदलणं: यातलं काही गॉथिकच्या शाखेत नाही. उलट ‘अडा’ (अंडं) यातला ‘ड’ अस्सल गॉथिक खूण आहे, जर्मनमध्ये तो नाही. आपल्या ‘अंडं’शी मात्र साम्य योगायोगाचं, नातं जोडू नका.

खरी नाती मराठी वाचकाला पटकन दिसतात. दश–तेहुन, पाद–फोतुस, त्रि–थ्रीस हे ग्रिमच्या नियमाचे, म्हणजे जर्मॅनिक भाषांत द चा त, प चा फ, त चा थ होण्याचे, नमुने. वैदिक स्वरही कामी येतो. ‘भ्रातृ’मध्ये उदात्त (उंच स्वर) पहिल्या अक्षरावर, म्हणून गॉथिकमध्ये ब्रोथर, ‘पितृ’मध्ये दुसऱ्यावर, म्हणून फादर, तिथे थ नाही. कार्ल व्हर्नरने हे 1870 च्या दशकात उलगडलं. वुल्फिलाकडे नसलेला शब्द धातूपासून घडवायचा असेल तर वैदिक आघात पाहून घ्या.

उसने शब्द काढून भाषा ‘शुद्ध’ करू नका. बुसबेकच्या यादीत शंभराला ‘सदा’ आणि हजाराला ‘हझेर’ आहे, दोन्ही इराणी. आपला ‘हजार’ही तिथलाच. पूजेअर्चेचे शब्द ग्रीकमधून घ्या, बाजाराचे आणि घोड्यांचे तातारमधून, कचेरी-शाळेचे रशियनमधून. प्रत्येक उसन्या शब्दापुढे तो कधी आला ते लिहा, आणि त्याला त्यानंतरचेच नियम लावा. ओ→ऊ हा बदल 1560 पूर्वीच संपलेला. रशियन ‘श्कोला’ 1778 नंतर आलेली. तुमच्या तक्त्यात ती ‘श्कूले’ झाली असेल तर तारीख चुकली.

‘स’ गळला की कर्ता आणि कर्म सारखेच दिसतात, स्तूल आणि स्तूल. ही अडचण मुद्दाम सोडवावी लागते. दर्शक सर्वनामं वापरा: ‘सा स्तूल’ कर्ता, ‘तान स्तूल’ कर्म. विभक्ती मग नामावरून त्याच्या आधीच्या शब्दावर सरकते. सिंगन–सांग–सुंगुन (गाणे) अशी रोजच्या वापरातली अनियमित क्रियापदं ठेवा. द्वित्वाचा, म्हणजे सुरुवातीचं अक्षर दुहेरी होणारा भूतकाळ, संस्कृत ‘चकार’सारखा (त्याने केलं), एखाद्याच क्रियापदात राहू द्या.

लिपीत घाई नको. क्रिमियातल्या मंगुपला नवव्या शतकातले गॉथिक अक्षरांतले लेख सापडलेत, पण त्यावरून 1778 च्या शेतकऱ्याला ती लिपी येत होती असं होत नाही. आधी चर्चमधली ग्रीक अक्षरं, 1920 च्या दशकात लॅटिन, 1930 च्या दशकाअखेर सिरिलिक, हा क्रम सोव्हिएत काळाला धरून आहे.

पहिली परीक्षा प्रभूच्या प्रार्थनेवर घ्या, तिचा गॉथिक पाठ वुल्फिलाकडे आहे. ‘आत्ता उन्सर, थू इन हिमिनम’ (आमच्या बापा, तू जो स्वर्गात आहेस) ही ओळ सगळ्या रकान्यांतून न्या. शब्दारंभी थ चा त होतो हा नियम बुसबेकच्या ‘त्रिया’ (तीन) वरून घेतला असेल, तर ‘थू’चं ‘तू’ होतं, म्हणजे ग्रिमने दूर नेलेला शब्द फिरून मराठीतल्या रूपावर येतो.