निअँडर्थल आपलाच की परका? वाद घालताना या चुका टाळा

निअँडर्थलचा, म्हणजे आता नामशेष झालेल्या प्राचीन मानवगटाचा, विषय निघाला की कुणीतरी हमखास निकाल देऊन मोकळं होतं: "ज्यांना संकरातून पिल्लं होतात ती एकच प्रजाती. त्यांचा डीएनए आपल्यात आहे, म्हणजे ते आपलेच." प्रजातीची ही व्याख्या जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांची, 1942 सालची, पण इथे ती अर्धीच सांगितलेली असते. मायर यांचा भर होता तो एखादा समूह निसर्गात इतरांपासून प्रजननाने अलग राहतो का, यावर. उत्तर अमेरिकेत लांडगा आणि कायोटी (लांडग्याचाच लहान चणीचा नातलग) यांचा संकर होतो, पिल्लंही जननक्षम असतात, तरी प्राणिशास्त्रज्ञ त्यांना दोन प्रजाती मानतात.

आफ्रिकेबाहेरच्या माणसांत, म्हणजे आपल्यातही, निअँडर्थलचा वाटा साधारण 1 ते 2 टक्के आहे. पण त्यांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए (जो फक्त आईकडून येतो) आणि वाय गुणसूत्र (जे बापाकडून मुलाला मिळतं) आजच्या कुठल्याही माणसात सापडलेलं नाही, आणि आपल्या एक्स गुणसूत्रावर त्यांचा ठसा फारच पुसट आहे. संकरातून झालेल्या पुरुषांची प्रजननक्षमता कमी असावी, असं काही संशोधक यावरून म्हणतात. मला तरी हे दोन गट वेगळे होता होता मध्येच पुन्हा भेटलेले वाटतात. अशांना 'एक' किंवा 'दोन' म्हणायचा हट्ट धरला की वाद तिथेच अडतो.

तसा तो अडला, तर समोरचा कोणती व्याख्या वापरतोय ते आधी विचारा. कवट्या अभ्यासणारा आकार बघतो, जनुकं वाचणारा वंशावळ. जीवाश्मावर प्रजननाची कसोटी लागणार कशी? नर्मदाकाठच्या हथनोऱ्याला 1982 साली मिळालेली कवटी कुणी होमो इरेक्टस या जुन्या मानवप्रजातीची म्हणतं, कुणी आदिम सेपियन्सची, म्हणजे आपल्याच प्रजातीच्या जुन्या रूपाची.

सगळ्यात घातक चूक म्हणजे हाच वाद आजच्या माणसांच्या 'वंशां'वर नेऊन आदळणं. निअँडर्थलपासूनची आपली फारकत जनुकीय अंदाजांनुसार पाच लाख वर्षांहून जुनी आहे. आजच्या मानवसमूहांत तसलं काहीच नाही. जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी 1972 मध्येच दाखवलं होतं की माणसांतली सुमारे 85 टक्के जनुकीय विविधता एकेका समूहाच्या आतच असते.

आणि टक्क्यांची गल्लत! "चिंपांझीशी 98 टक्के जुळतो, मग निअँडर्थलशी दोनच कसे?" पहिला आकडा डीएनएची अक्षरं किती सारखी ते सांगतो, दुसरा त्यातला किती भाग निअँडर्थल पूर्वजांकडून आला ते. अक्षरंच जुळवायची, तर निअँडर्थल चिंपांझीपेक्षा आपल्या कितीतरी जवळ आहे.