प्रिंटर वाय-फायला जोडायचाय? आधी राऊटरकडे बघा

सांगलीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. जून उजाडला की शाळा सुरू होतात, ॲडमिशनचे फॉर्म निघतात आणि वर्षभर कपड्याखाली झाकलेले प्रिंटर सगळ्यांना एकदम आठवतात. फोनवर येणारं वाक्य ठरलेलं: "दादा, प्रिंटर मोबाइलला कनेक्ट होत नाही."

घोळ या वाक्यातच आहे. ब्लूटूथचा स्पीकर जोडतो तसा प्रिंटर मोबाइलला जोडायचा नसतोच. तो जोडायचा राऊटरला, म्हणजे घरभर वाय-फाय देणाऱ्या डब्याला. मोबाइल त्याच राऊटरवर आधीपासून असतो, लॅपटॉपही असतो. प्रिंटर एकदा राऊटरवर आला की घरातल्या सगळ्यांना दिसायला लागतो, प्रत्येकाच्या फोनवर वेगळी जोडणी करावी लागत नाही. म्हणून मी कुणाच्या घरी गेलो की आधी प्रिंटरकडे बघतच नाही, "राऊटर कुठं आहे?" असं विचारतो. बहुतेक वेळा अडचण तिथंच सापडते.

त्याआधी एक खात्री मात्र करून घ्या, की तुमच्या प्रिंटरमध्ये वाय-फाय आहे. हसू नका. दुकानात दोन मॉडेल शेजारी-शेजारी ठेवलेली असतात, दिसायला सारखी, किमतीत थोडा फरक, आणि आपण स्वस्तातलं उचलतो. एप्सनच्या एल३२१० मध्ये वाय-फाय नाही, एल३२५० मध्ये आहे. कॅननच्या जी२०१० मध्ये नाही, जी३०१० मध्ये आहे. ब्रदरचं सोपं आहे, टी४२०डब्ल्यू मधला शेवटचा 'डब्ल्यू' बघायचा. एचपीच्या लेझर १०८ए आणि १०८डब्ल्यू मध्येही तोच हिशेब. आणि वकिलांच्या, सीएंच्या टेबलावर अजून ठणठणीत चालणारा एचपीचा एम१००५ असेल तर त्याला फक्त केबल. अशा प्रिंटरवर वाय-फायचं बटण शोधत बसू नका. तो एका कॉम्प्युटरला केबलनं जोडा, त्या कॉम्प्युटरवरून शेअर करा आणि प्रिंट काढायची असेल तेव्हा तो कॉम्प्युटर चालू ठेवा.

आता राऊटर. हल्ली फायबरचं कनेक्शन घेतलं की जो राऊटर मिळतो तो दोन बँडचा, म्हणजे रेडिओ लहरींच्या दोन पट्ट्यांवर चालणारा असतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पाच वेगवान, पण भिंती ओलांडताना दमतो. दोन पॉइंट चार हळू, पण लांब जातो. घरगुती इंकटँक (बाटलीतून शाई भरायचे) प्रिंटर बहुतेक सगळे फक्त २.४ वर चालतात. पाचचं नेटवर्क त्यांना दिसतच नाही. फोन मात्र संधी मिळाली की पाचवर जाऊन बसतो. मग ॲप फोनचं चालू नेटवर्क बघतं, तेच नाव प्रिंटरला द्यायला जातं, आणि प्रिंटर म्हणतो असलं काही इथं नाहीच.

तुमच्या फोनमध्ये वाय-फायची यादी उघडा. घरच्या नावाची दोन नेटवर्कं दिसत असतील, त्यातल्या एकाच्या शेवटी '५जी' किंवा '५गिगाहर्ट्झ' असं काही असेल, तर दुसरं तुमच्या कामाचं. फोन त्या दुसऱ्यावर घ्या. हे '५जी' म्हणजे मोबाइलचं फाइव्ह-जी नव्हे, त्याचा इथं काही संबंध नाही. नाव एकच दिसत असेल तर राऊटरनं दोन्ही बँड एका नावाखाली ठेवलेत. अशा वेळी राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्हींना वेगळी नावं द्यावीत, किंवा जोडणी होईपर्यंत पाचचा बँड बंद ठेवावा. जोडणी झाली की तो परत चालू करा. फोन पाचवर, प्रिंटर २.४ वर असला तरी प्रिंट निघते, कारण राऊटर एकच. बँड जुळवायचा तो फक्त जोडताना.

राऊटरच्या सेटिंगमध्ये जायला ब्राउझरच्या पट्टीत पत्ता टाकायचा. जिओफायबरला तो १९२.१६८.२९.१ असतो, बाकी बऱ्याच राऊटरना १९२.१६८.१.१. टाकताना अर्थात इंग्रजी आकडे. लॉगिनचा पासवर्ड बहुधा राऊटरच्या बुडाखालच्या स्टिकरवर सापडतो. आत गेलाच आहात तर वाय-फायच्या पानावर सुरक्षेचा प्रकारही बघून घ्या. तिथं नुसतं 'डब्ल्यूपीए३' निवडलेलं असेल तर जुना प्रिंटर काही केल्या जोडला जाणार नाही. 'डब्ल्यूपीए२' किंवा दोन्ही मिळून असलेला पर्याय ठेवा. नेटवर्कच्या नावाचंही तेच. कुणीतरी हौसेनं देवनागरीत नाव ठेवलेलं असतं, पुढं बदामाचं चित्र. फोनला ते चालतं, प्रिंटर गांगरतो. साधी इंग्रजी अक्षरं आणि आकडे, बस्स.

प्रिंटरची जागाही याच वेळी ठरवा. पहिल्यांदा जोडताना तो राऊटरच्या खोलीतच ठेवा, नंतर हवा तिथं न्या. पण लोखंडी कपाटाच्या आत नको, आणि मायक्रोवेव्हच्या शेजारी तर नकोच. मायक्रोवेव्ह साधारण याच २.४ च्या पट्ट्यात चालतो. दूध गरम होत असताना प्रिंट अर्ध्यात अडकते ती उगाच नव्हे.

आता बटणं दाबू

उदाहरणाला एल३२५० घेतो, कारण आमच्याकडे घरोघरी तोच दिसतो. त्याला स्क्रीन नाही, नुसती बटणं आणि लाइट. म्हणून लोक बिचकतात. खरं तर स्क्रीनवर एकेक अक्षर सरकवत पासवर्ड टाकण्यापेक्षा हे सोपं आहे.

पहिला मार्ग डब्ल्यूपीएसचा, म्हणजे पासवर्ड न टाकता बटणानं जोडायचा. राऊटरवर 'डब्ल्यूपीएस' लिहिलेलं बारकं बटण असेल तर ते दाबा. इथून तुमच्या हातात दोन मिनिटं. तेवढ्यात प्रिंटरवरचं वाय-फायचं बटण दाबून धरा आणि वरच्या दोन लाइट आळीपाळीनं लुकलुकायला लागल्या की सोडा. मग हात बांधून उभं राहायचं. परत परत बटण दाबू नका, दर वेळी सगळं पहिल्यापासून सुरू होतं. थोड्या वेळानं वाय-फायची लाइट स्थिर झाली की काम झालं. पासवर्ड लागत नाही, ॲप लागत नाही. आजी-आजोबांच्या घरी मी हाच मार्ग वापरतो. नंतर राऊटरमध्ये डब्ल्यूपीएस बंद करून टाका. त्याच्या आठ आकडी पिनमधली, परक्याला आत शिरू देणारी पळवाट २०११ मध्येच चव्हाट्यावर आली आहे, ती दाराला कशाला ठेवायची?

राऊटरला हे बटण नसेल तर कंपनीचं ॲप. एप्सनचं 'स्मार्ट पॅनेल', एचपीचं 'एचपी' (आधीचं नाव 'एचपी स्मार्ट'), कॅनन आणि ब्रदरचीही आहेत. ॲप टाकल्यावर ते लोकेशनची परवानगी मागतं, आणि इथं शहाणी माणसं 'नको' म्हणतात. "माझा प्रिंटर कुठं आहे ते कंपनीला कशाला?" असं एका काकूंनी मला विचारलं होतं. शंका रास्त आहे. पण अँड्रॉइडमध्ये आसपासची वाय-फाय नेटवर्कं शोधायलाही हीच परवानगी लागते, म्हणून निदान जोडणीपुरती ती द्यावी लागते. नव्या अँड्रॉइडमध्ये 'जवळपासची डिव्हाइस' अशी वेगळी परवानगी येते. आयफोनवर 'लोकल नेटवर्क' विचारतं, तिथंही हो म्हणा. काम झालं की लोकेशन काढून घेतलं तरी चालतं.

पुढं काय होतं ते समजून घ्या, म्हणजे मध्येच घाबरायला होणार नाही. नवा प्रिंटर स्वतःचं एक छोटं वाय-फाय सोडतो, त्याचं नाव बहुधा 'डायरेक्ट' या शब्दानं सुरू होतं. ॲप तुमचा फोन थोडा वेळ त्यावर नेतं, घरच्या वाय-फायचं नाव आणि पासवर्ड प्रिंटरच्या कानात सांगतं आणि फोन परत आणतं. त्या मधल्या वेळात फोनला इंटरनेट नसतं. मग फोन विचारतो, "या नेटवर्कवर इंटरनेट नाही, तरी राहू का?" तिथं हो म्हणायचं. काही फोन न विचारताच मोबाइल डेटावर उडी मारतात आणि सगळं फिसकटतं. म्हणून ॲप टाकून झालं की जोडणीपुरता मोबाइल डेटा बंद ठेवा.

पासवर्ड टाकताना स्टिकरवरचं शून्य आणि 'ओ', एक आणि लहान 'एल' नीट बघा. चष्मा शोधण्यापेक्षा मोबाइलनं फोटो काढून मोठा करून बघितलेला बरा.

एवढं करूनही जमलं नाही तर अंदाज लढवत बसू नका, प्रिंटरलाच विचारा. एल३२५० वर 'आय' अक्षराचं बटण आहे. ते दाबलं की प्रिंटर नेटवर्कचा अहवाल छापतो. चूक असेल तर त्यावर 'ई' आणि आकडा येतो. ई-२, ई-३ किंवा ई-७ असेल तर नेटवर्कचं नाव किंवा पासवर्ड तपासा. ई-५ म्हणजे सुरक्षेचा प्रकार जुळत नाही, राऊटरमधलं वर सांगितलेलं सेटिंग पुन्हा बघा. एक कागद जातो, पण तासभराची झटापट वाचते. लोक तो कागद न वाचता चुरगाळून टाकतात आणि मला फोन करतात. माझं काय, मी व्हिजिटचे पैसे घेतो.

छापायचं कुठून

अँड्रॉइडवर पीडीएफ उघडा, तीन टिंबं, 'प्रिंट'. वरच्या यादीत प्रिंटरचं नाव आलं असेल तर सरळ छापा. नसेल तर कंपनीचं प्रिंट सर्व्हिसचं ॲप किंवा 'मोप्रिया' (बऱ्याच कंपन्यांच्या प्रिंटरना चालणारं ॲप) टाका. आयफोनला एअरप्रिंट, म्हणजे ॲपलची वाय-फायवरून छापायची सोय लागते. प्रिंटरच्या खोक्यावर ते लिहिलेलं असेल तर शेअरच्या बटणातून थेट निघतं, नसेल तर कंपनीच्या ॲपमधून काढा. व्हॉट्सॲपवर आलेलं हॉलतिकीट असो की महाभूमीवरून १५ रुपये भरून उतरवलेला डिजिटल सहीचा सातबारा, पद्धत तीच. फक्त कागदाचा आकार ए४ आहे ना ते बघा. तिथं 'लेटर' राहिलं तर कडेच्या ओळी कापल्या जाण्याची शक्यता असते, आणि कापलेला सातबारा समोरचा माणूस परत करतो.

लॅपटॉपवर विंडोज असेल तर सेटिंगमध्ये 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स', मग 'ॲड डिव्हाइस'. मॅकवरही असंच, त्याचं सहसा काही अडत नाही.

लाइट गेली, आली, आणि प्रिंटर 'ऑफलाइन'

जोडणी एकदाच करायची असते, ही तक्रार मात्र वर्षभर चालते. आमच्याकडे पावसाळ्यात लाइटचा लपंडाव ठरलेला. लाइट आली की राऊटर आणि प्रिंटर एकदमच चालू होतात. राऊटरला उठायला दोन-तीन मिनिटं लागतात. तोवर प्रिंटर नेटवर्क शोधून कंटाळलेला असतो. अशा वेळी राऊटर पूर्ण चालू होऊ द्या आणि मग प्रिंटर एकदा बंद करून चालू करा. बऱ्याचदा एवढ्यावरच भागतं.

एवढ्यावर भागलं नाही तर पत्त्याचा प्रश्न. राऊटर प्रत्येक उपकरणाला एक आयपी पत्ता देतो, आणि तो कायमचा नसतो. परवा प्रिंटरला शेवटचा आकडा ५ मिळाला होता, आज ९ मिळाला. लॅपटॉप मात्र जुन्याच पत्त्यावर हाका मारतोय. भाडेकरू घर बदलून गेला तरी पोस्टमन जुन्या दारावर टकटक करत राहावा, तसं. म्हणून तो 'ऑफलाइन' म्हणतो. प्रिंटर बिचारा चालूच असतो.

तपासायची पद्धत सांगतो. नेटवर्कच्या कागदावर प्रिंटरचा आजचा आयपी पत्ता असतो. तो लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये टाका. प्रिंटरचं स्वतःचं पान उघडलं, तर नेटवर्क ठणठणीत आहे, गडबड लॅपटॉपच्या बाजूला आहे. तिथला जुना प्रिंटर काढून टाका आणि नव्यानं जोडा. त्याआधी प्रिंटच्या रांगेच्या खिडकीत 'यूज प्रिंटर ऑफलाइन' वर चुकून टिक तर नाही ना, तेही बघा. पान उघडलंच नाही, तर लॅपटॉप आणि प्रिंटर एका नेटवर्कवर नाहीत. मग लॅपटॉप पाहुण्यांसाठी केलेल्या 'गेस्ट' वाय-फायवर आहे का बघा. गेस्टवर असलेल्यांना घरातली उपकरणं दिसू नयेत अशीच सोय केलेली असते.

कायमचा उपाय राऊटरमध्ये आहे. डीएचसीपीच्या (राऊटर पत्ते वाटतो त्या सोयीच्या) पानावर 'ॲड्रेस रिझर्वेशन' असं काहीतरी सापडेल. तिथं प्रिंटरचा मॅक ॲड्रेस (नेटवर्कवरचा त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक) टाकायचा, म्हणजे नेटवर्कच्या त्याच कागदावर छापलेली बारा अंक-अक्षरं, दोन-दोनच्या जोडीनं. त्यापुढं एक आयपी पत्ता लिहून सेव्ह करा. यानंतर लाइट कितीही वेळा गेली तरी प्रिंटरला तोच पत्ता मिळतो. हे काम मी सगळ्या गिऱ्हाइकांकडे न सांगता करून ठेवतो, निम्मे फोन कमी होतात.

आणि फायबरची कंपनी बदललीत, नवा राऊटर आला, तर बसवायला आलेल्या मुलाला तो जायच्या आत सांगा: वाय-फायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेव. एका अक्षराचा, कॅपिटल-स्मॉलचाही फरक नको. मग प्रिंटर, टीव्ही, कॅमेरा, सगळे आपापले जोडले जातात. आयपीचं रिझर्वेशन तेवढं नव्या राऊटरमध्ये पुन्हा करावं लागेल.