चेनसॉ घेताय? मग कंपनीआधी डीलरचं काउंटर तपासा

स्टिल चांगली का हस्कवर्ना, हे भांडण काही संपणार नाही आणि मशीन घेणाऱ्याच्या हाती त्यातून काही लागत पण नाही, कारण दोन्ही कंपन्या दमदार मशीन बनवतात आणि साध्या पण बनवतात. एक 1926 पासूनची जर्मन, दुसरी स्वीडनची, 1689 ला बंदुकांचा कारखाना म्हणून सुरू झालेली आणि 1959 पासून चेनसॉमध्ये. अनुभव दोघींकडे भरपूर. तुलना करायचीच तर मॉडेलची मॉडेलशी करा आणि त्यात तुमच्या जवळच्या डीलरला धरा, मी तर त्याला निम्म्याहून जास्त मार्क देतो.

आधी मशीन. नंबर मोठा म्हणजे मशीन जास्त दमदार असं समजू नका. स्टिलची एमएस 271 आणि एमएस 261 घ्या, दोन्ही 50 सीसीच्या आसपास, पण 261 प्रोफेशनल आहे, वजनाला साधारण 4.9 किलो आणि ताकद 3 किलोवॅट, तर 271 मोठ्या नंबरची असून 5.6 किलोची आणि 2.6 किलोवॅटची. हस्कवर्नात तेच, 450 आणि 550 एक्सपी दोन्ही 50 सीसीच्याच, पण 550 एक्सपीवर दिवसभर जंगलात काम करायचं आणि 450 वर घरची लाकडं फोडायच्या आधीची कापाकापी, एवढा फरक. 'स्टिल वापरून बघितली, दम नाही' असं कोणी सांगितलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा, कुठलं मॉडेल?

प्रोफेशनल मशीनचा क्रँककेस, म्हणजे इंजिनचा खालचा डबा, मॅग्नेशियमचा असतो, आणि बार, म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती पट्टी, ज्या बोल्टवर बसतो ते बोल्ट त्या धातूतच घट्ट असतात. घरगुती मशीनमध्ये, म्हणजे एमएस 170, 180, 250 वगैरे, इंजिन प्लास्टिकच्या बॉडीत बसवलेलं असतं. ते वाईट नाही हां, वर्षाला थोडंफार कापणाऱ्याला आयुष्यभर पुरेल, पण पिस्टनपर्यंत जायचं तर अख्खी मशीन उघडावी लागते आणि मजुरी बघून माणूस म्हणतो राहू दे, नवीनच घेतो. अजून दोन गोष्टी दुकानातच बघून घ्या. चेन ऑईल कमी-जास्त करायचा स्क्रू आहे का, आणि एअर फिल्टर काढून परत बसवला तर कडेने नीट बसतो का. फिल्टरच्या कडेने भुसा आत गेला की सिलिंडर घासला गेलाच म्हणून समजा.

आता डीलर. बऱ्याच देशांत स्टिलचं धोरणच असं आहे की मशीन सर्व्हिस देणाऱ्या डीलरकडूनच विकायची. हस्कवर्नाच्या छोट्या मशीन बऱ्याच ठिकाणी मोठ्या स्टोअरमध्ये पण मिळतात, मग विकणारा एक आणि दुरुस्त करणारा दुसराच, आणि वॉरंटीच्या वेळी दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. त्यामुळे दुकानात गिऱ्हाईक म्हणून जाऊच नका, मशीन आधीच घेतलेला माणूस म्हणून जा आणि काउंटरवर विचारा की या मॉडेलचा ऑईल पंप आहे का, क्लच ड्रम आहे का, स्टार्टरची स्प्रिंग, कार्बोरेटरचं किट, पेट्रोलचा पाईप. 'आहे' म्हणाला तर उत्तमच, 'अमुक दिवशी येईल' हे पण चालतं. 'बघू, मागवावं लागेल' म्हणजे नाही. आणि विचारताना तो पार्ट नंबर बघतोय का अंदाजाने डबे चाळतोय, तेही बघा.

मग मागे वर्कशॉप आहे का, मशीन नक्की कोण उघडतो ते विचारा. माझा आवडता प्रश्न एकच, पिस्टन जाम झालेली मशीन आली तर काय करता? 'पिस्टन-सिलिंडर नवीन टाकतो' एवढंच सांगून थांबला तर तिथून निघा. चांगला मेकॅनिक आधी जाम का झाली ते शोधतो, पेट्रोलमध्ये ऑईल टाकायचं राहिलं होतं का, का कुठून हवा शिरतेय. कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधला रबर चिरला किंवा क्रँकचं सील गेलं की हवा जास्त जाते, पेट्रोल-ऑईल कमी पडतं आणि इंजिन तापून चिकटतं. हे प्रेशर आणि व्हॅक्यूम लावून तपासता येतं. ते न करता नवीन पिस्टन टाकला तर तो पण जाणार, आणि बिल मात्र दोनदा.

इलेक्ट्रॉनिक कार्बोरेटरवाली मशीन घेणार असाल, म्हणजे स्टिलची एम-ट्रॉनिक किंवा हस्कवर्नाची ऑटोट्यून, तर डीलर अजूनच महत्त्वाचा. चालू असेपर्यंत मजा आहे, स्क्रू फिरवायची कटकट नाही, पण बिघडली की फॉल्ट वाचायला कंपनीचं टूल लागतं आणि ते गल्लीतल्या फिटरकडे नसतं. डीलर लांब असेल तर साध्या स्क्रूच्या कार्बोरेटरवाली घ्या असं मी बिनधास्त सांगेन, भले ती जुन्या डिझाइनची असो.

बाकी ब्रँडचं थोडक्यात. इको जपानी, मशीन दणकट, फक्त जवळ डीलर आहे का ते बघा. माकिटाने 1991 ला डोल्मार ही जुनी जर्मन कंपनी घेतली होती, पण 2022 ला पेट्रोल इंजिनची मशीनं बनवणंच बंद केलं, त्यामुळे स्वस्तात पडून असलेली दिसली तर आधी स्पेअरचं विचारा. बिनानावाच्या 52-58 सीसीच्या चायना मशीन, स्टिकर वेगळे पण आतून बहुतेक एकसारख्या, त्यामुळे एकीचे पार्ट दुसरीला बसतात आणि कुठेही मिळतात. हा पण एक सपोर्टच म्हणा. पण चेन ब्रेक स्वतः हाताने लावून बघा, धरला नाही तर फुकट दिली तरी नको. आणि नामांकित मॉडेलची हुबेहूब नक्कल अर्ध्या किमतीत कोणी देत असेल तर सिरीयल नंबर अधिकृत डीलरला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

चेन आणि बारवरून ब्रँड ठरवू नका. पिच (चेनच्या कड्यांमधलं अंतर), गेज (बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची जाडी) आणि ड्राइव्ह लिंकची, म्हणजे त्या खाचेतल्या कड्यांची, संख्या जुळली की ओरेगॉनसारख्या दुसऱ्या कंपनीची चेन पण चालते. बारची मागची बाजू मात्र कंपनीप्रमाणे बदलते, ती जुळवून घ्या.

वॉरंटीत काय नाही ते लेखी मागा. शिळं पेट्रोल, पेट्रोल-ऑईलचं चुकीचं मिक्स, बिनाऑईलचं पेट्रोल, यातलं काहीच बहुतेक ठिकाणी धरत नाहीत. मिक्सचं प्रमाण पण मॅन्युअलमधूनच घ्या, 50 ला 1 असेल तर लिटरला 20 मिली, आणि चायना मशीनला 25 ला 1 लिहिलं असेल तर 40.

मशीन ताब्यात घेताना डीलरलाच सुरू करायला लावा. आयडलवर चेन फिरायला नको, रेस दिल्यावर बारचं टोक कागदासमोर धरलं की ऑईलचे थेंब उडायला हवेत, आणि ब्रेक मारला की चेन तिथल्या तिथे थांबायला हवी. हे करायला तो कंटाळा करत असेल तर पुढे दुरुस्तीला आल्यावर काय करेल ते दिसलंच.