वॉर्ड सोडून ॲम्ब्युलन्सवर जायचा विचार करताय? माझा अनुभव

आयसीयूत नर्स म्हणून सात वर्षं काढलेली, त्यामुळे ॲम्ब्युलन्स ड्युटीचं विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हणून मोकळी, म्हटलं व्हेंटिलेटरवरचे पेशंट सांभाळतो आपण, त्यात काय एवढं. पहिल्याच कॉलला हवा निघाली. तिसरा मजला, लिफ्ट नाही, बाथरूमच्या दारात आजोबा बेशुद्ध पडलेले, तोंडात लाळ साचलेली, आणि मी सवयीने सक्शनसाठी (लाळ ओढून काढायची नळी, आयसीयूत ती पेशंटच्या डोक्यामागे भिंतीलाच असते) डोक्यामागे हात नेला तर हाताला दाराची कडी लागली. सक्शन माझ्याच खांद्यावरच्या बॅगेत होतं. पुढे मी बीपीचा कफ बांधत बसले तोवर सोबतच्या पॅरामेडिकने बोट टोचून शुगर बघितली पण, ३८, म्हणजे धोक्याइतकी कमी. बेशुद्ध माणसाची शुगर बघायची हे मला माहीत नव्हतं असं नाही हो, पण वॉर्डात ते कुणीतरी आधीच केलेलं असतं ना.

आमच्या स्टाफरूममध्ये या विषयावर दोन तट आहेत. नव्या मुली उत्सुक असतात, सिनियर सिस्टर मात्र पहिला प्रश्न विचारतात, "ऑर्डर कुणाची?" आणि खरं सांगू, मला त्यांचंच पटतं. रक्ताला कुणी घाबरत नाही, भीती असते ती डॉक्टर शेजारी नसताना इंजेक्शन दिलं आणि उलटं झालं तर सही कुणाची याची. म्हणून जॉइन व्हायच्या आधी लेखी प्रोटोकॉल मागा, कुठलं औषध स्वतः देता येतं, कशाला फोन करावा लागतो, सगळं. नेदरलँड्समध्ये तर ॲम्ब्युलन्सवर मुख्य माणूस नर्सच असते, पण तिला त्यासाठी वेगळं ट्रेनिंग मिळतं, नुसतं उचलून गाडीत नाही बसवत.

ऑक्सिजनचा हिशोब मात्र पाठच करा. वॉर्डात भिंतीतून येतो तो, संपत नाही. गाडीत सिलिंडरमध्ये ४०० लिटर उरलाय आणि पेशंटला मिनिटाला १० लिटर चाललाय म्हणजे जेमतेम ४० मिनिटं, त्यात तुम्ही ट्रॅफिकमध्ये अडकलात की संपलं, म्हणून निघतानाच काटा बघायचा. तसंच चालत्या गाडीत स्टेथोस्कोपने बीपी ऐकू येत नाही, मनगटाची नाडी धरून फुगवलेल्या कफची हवा हळूहळू सोडायची, जिथे ठोका लागेल तो वरचा आकडा, खालचा मिळत नाही, नसू दे. आयव्ही लाइन (औषध-सलाइनसाठी शिरेत घालायची नळी) शक्यतो गाडी हलायच्या आधी, पण जखमी माणूस रक्ताने भिजलाय तर लाइनसाठी थांबू नका, जखम दाबा आणि निघा. कार्डियाक अरेस्ट, म्हणजे हृदयच बंद पडलं असेल तर उलट, तिथेच जमिनीवर सीपीआर, कारण वळणावर एका हाताने दांडा धरून छाती ५ सेंटिमीटर दाबली जात नाही, मी करून बघितलंय.

हँडओव्हरला, म्हणजे हॉस्पिटलात पेशंट सोपवताना, वय, काय झालं, केव्हा, काय सापडलं, काय दिलं, बस, अर्ध्या मिनिटात. पूर्वी कॅज्युअल्टीत मी स्वतःच मध्ये तोंड घालायचे, आता समोरची सिस्टर घालते तेव्हा कळतं.

आणि हो, मागच्या बाजूला आडवं बसून फाइल लिहिताना मळमळतं, हे कुणी सांगत नाही. मला पहिले दोन आठवडे पेशंटपेक्षा स्वतःसाठीच उलटीची पिशवी जवळ ठेवावी लागली.