बाळाचा गॅस आणि संध्याकाळचं रडणं, शेवटी कशाने थांबलं

आमचं बाळ पाच आठवड्यांचं. रोज संध्याकाळी बाटलीने दूध प्यायलं की दहा मिनिटांत पाय पोटाशी घ्यायचं, पोट टम्म, चेहरा लालबुंद आणि मग दीड-दोन तास रडारड. गॅसचे ड्रॉप्स झाले, दुधाचा ब्रँड बदलून झाला, काही फरक नाही. दोन आठवडे आमच्या झोपेचं पार खोबरं.

मग लक्षात आलं की पिताना घटाघट आवाज येतोय, म्हणजे दुधासोबत हवाच जास्त जात होती. निपलचा फ्लो फास्ट होता, तो स्लो घेतला. बाळाला आडवं न ठेवता जरा बसतं धरायचं, बाटली जवळजवळ आडवी पण निपलचं टोक दुधाने भरलेलं. अर्धं दूध झालं की थांबून खांद्यावर घेऊन ढेकर, संपल्यावर परत एकदा. पाच मिनिटांत ढेकर नाही आली तर सोडून द्या, उगाच थोपटत बसायचं नाही. नंतर वीसेक मिनिटं उभं धरायचं.

सायकलसारखे पाय हलवणं आणि बेंबीभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हलका मसाज, हे दूध प्यायल्यावर लगेच नाही, आम्ही लगेच करायचो आणि सगळं दूध बाहेर. आता पुढच्या फीडच्या थोडं आधी करतो.

चौथ्या दिवशी रडणं वीस मिनिटांवर आलं. झोपवताना मात्र पाठीवरच. आणि ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर, हिरवी उलटी किंवा शीमध्ये रक्त असेल तर हे प्रयोग नकोत, सरळ डॉक्टर.