गावानं बांधली ती तालीम

नववीत जाण्याआधीच्या सुट्टीत आम्हाला तीन पुस्तकं वाचून आणायला सांगितली होती. दोन मी उघडलीच नाहीत आणि तिसरं वाचल्यासारखं केलं. ते तिसरं म्हणजे व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. शाळा उघडायच्या आदल्या रात्री, वळीव पडून लाईट गेलेली असताना, चिमणीच्या उजेडात मलपृष्ठावरचा मजकूर वहीत उतरवला. दोन-चार शब्द बदलले, शीर्षकाखाली लाल-निळ्या रेघा ओढल्या आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी सरांनी वही उघडलीसुद्धा नाही. एवढंच विचारलं, "गावानं मिळून काय बांधलं गं?"

धनगरांची वाडी, नवा मास्तर. मी ठोकून दिलं, "शाळा."

सरांनी वही परत हातात दिली. "तालीम बांधली. जा, वाचून ये."

आज मी बेळगावजवळच्या एका मराठी हायस्कुलात मराठी शिकवते आणि दर एप्रिलमध्ये तसाच अभ्यास मुलांना देते. म्हणजे या वहीच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय. आठवी-नववीतून पुढच्या वर्गात जाणाऱ्या, पहिल्यांदाच 'उन्हाळी वाचन' पदरी पडलेल्या मुलांसाठी हे लिहितेय. पालकांनीही वाचायला हरकत नाही, फक्त वही त्यांनी लिहू नये. अक्षरावरून कळतं.

आधी दिवसांचा हिशेब, कारण सगळी फसगत तिथेच होते. कर्नाटकातल्या शाळांना साधारण 10-11 एप्रिलला सुट्टी लागते आणि मे संपता संपता शाळा पुन्हा सुरू होते. सात आठवडे ऐकायला भरपूर वाटतात. पण आपल्याकडचा मे महिना कुणाच्या हातात राहिलाय? गावोगावच्या लक्ष्मीच्या यात्रा, लग्नं, आंबे-फणस-करवंदं. वैशाखातली शिवजयंती आली की बेळगावातल्या गल्ल्या चित्ररथांच्या तयारीला लागतात. सजीव देखाव्यात मावळा व्हायचं असेल तर आठ-दहा दिवस सरावात गेलेच. खानापूरकडच्या मुलांना मेअखेर धूळवाफ पेरणीसाठी शेतात जावं लागतं, आणि ते काम वहीसाठी थांबत नाही.

आता सीमेवरच्या मुलांपुरती एक गंमत. चंदगड, कोल्हापूरकडच्या मावस-मामे भावंडांच्या शाळा महाराष्ट्रातल्या. त्यांना सुट्टी मेच्या सुरुवातीला लागते आणि शाळा जूनच्या मध्याला उघडते. म्हणजे एप्रिलचे वीस दिवस तुम्ही मोकळे आणि ती अजून परीक्षेत. तुमच्याशी खेळायला कुणी नसतं. वाचायचे दिवस हेच. सव्वाशे-दीडशे पानांचं पुस्तक रोज आठ पानांनी सोळा ते एकोणीस दिवसांत होतं. आठ पानं म्हणजे दुपारी जेवल्यावर आई आडवी होते तेवढा वेळ. भावंडं आली की पुस्तक मिटतं, हे मी इतक्या वर्षांत इतक्यांदा पाहिलंय की मेमधलं वाचन मी धरतच नाही. झालं तर वरकड.

पुस्तक कुठलं निवडायचं यावर फार डोकं शिणवू नका. बारीक घ्या. जाडजूड ऐतिहासिक कादंबरी घेऊन येणारी मुलं दरवर्षी दोन-तीन तरी असतात, त्यातलं एखादंच ती संपवतं. आणि कपाटात मान तिरकी करून नावं वाचण्यापेक्षा पुस्तक मध्येच उघडून एक पान वाचून बघा. त्या पानावर थांबावंसं वाटलं तर घरी न्या.

पण एक गोष्ट सुचवते. पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावात राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत होते, आणि इथल्याच एका माणसावर त्यांनी 'गणगोत'मध्ये लिहिलंय, 'रावसाहेब'. ते आमच्या मुलांना द्यायला मला फार आवडतं. पुण्याच्या मुलाला तिथलं कानडी वळणाचं मराठी समजून घ्यावं लागतं; आपल्या पोरांना त्यात आपले आजोबा ऐकू येतात. एरवी वर्गात 'काय करूलालास' (काय करतोयस) म्हटलं की जीभ चावणारी मुलं तो लेख मोठ्यानं वाचताना एकदम सैल होतात. आपण बोलतो ते पुस्तकात छापून येतं, हे चौदाव्या वर्षी कळणं बरं असतं.

आता वही.

बहुतेक मुलं लिहितात ती अशी: पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव, पृष्ठसंख्या, सारांश, 'मला हे पुस्तक खूप आवडले', 'यातून आपल्याला असा बोध मिळतो'. चाळीस वह्या, चाळीस बोध. मी खरंच सांगते, तिसऱ्या वहीनंतर डोळे नुसते फिरत असतात. सारांश मलपृष्ठावर असतो, मोबाईलवर मिळतो, आता तर मोबाईलला सांगितलं की तो 'आवडले'सुद्धा लिहून देतो. म्हणून आमच्या शाळेत मी सारांशाला गुणच ठेवलेले नाहीत. पहिल्या एफएच्या (फॉर्मेटिव्ह असेसमेंट, म्हणजे वर्षभरात होणारं वर्गातलं मूल्यमापन) उपक्रमात वहीचे गुण धरतो, ते तुम्ही जिथे अडलात त्याबद्दल लिहिलेल्या ओळींना.

अडणं म्हणजे फक्त कठीण शब्द नव्हे. शब्द कळला पण माणूस कळला नाही, असं होतं. दोन पानं मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं. राग आला. कंटाळा आला, हो, तोही चालतो, फक्त नेमका कुठल्या पानावर आला ते लिहायचं. एका मुलानं त्याच 'बनगरवाडी'वर लिहिलं होतं: 'सगळ्या गावाने राबून तालीम बांधली. आमच्या गल्लीत गटारावरची फरशी बदलायला चार महिने झाले, अजून कोण आलं नाही. त्यांना कसं जमलं ते मला कळलं नाही.' तीन ओळी. शुद्धलेखनाच्या चार चुका. मी त्याला पुरे गुण दिले आणि पुढचा अख्खा तास वर्गात गटारावर बोलणं झालं.

माझी मामेबहीण अमेरिकेत असते. तिथल्या हायस्कुलांत जून ते ऑगस्टच्या सुट्टीसाठी पुस्तकं नेमून देण्याची जुनी रीत आहे. मुलानं समासात पेन्सिलीनं खुणा करत वाचायचं आणि शाळा उघडली की त्यावर निबंध लिहायचा. (तिकडचीही पोरं आयता सारांश वाचून वेळ मारून नेतात, हे ऐकून मला उगाचच बरं वाटलं.) समासातली खूण ही कल्पना चांगली, पण आपलं पुस्तक बहुधा वाचनालयाचं असतं. त्यावर रेघ मारली तर दंड. म्हणून जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूच्या बोटभर रुंद पट्ट्या कापा. जिथे अडाल तिथे पट्टी घालायची, पट्टीवर दोन शब्द लिहायचे: 'हा का गप्प?', 'पुन्हा वाच'. पुस्तक संपेपर्यंत वहीला हात लावू नका. शेवटी पट्ट्या क्रमानं काढा आणि त्यातल्या पाच-सहांवर लिहा. मधेच वही उघडली की मुलं वाचायचं सोडून लिहीत बसतात आणि तिसऱ्या प्रकरणात अभ्यास बंद पडतो.

कन्नडबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण त्याबद्दल मराठी शाळेतल्या मुलांना कुणी धड सांगत नाही. घरात राग असतो, पेपरची भीती असते, आणि दोन्हींच्या मध्ये मुलगा गाईड पाठ करतो. राजकारण मोठ्यांवर सोडा. ज्या राज्यात पुढची कॉलेजं, बँका, तालुक्याची कचेरी आहे, तिथली लिपी वाचता न येणं हे तुमचंच नुकसान आहे, आणि ती काही एवढी लांबची नाही. अक्षरांचा क्रम क, ख, ग, घ असा आपलाच. मराठी मुलं हमखास अडतात ती दोन जागी. एक, कन्नडमध्ये ए आणि ओ हे ऱ्हस्व आणि दीर्घ असे वेगवेगळे असतात. आपल्याकडे तो भेदच नाही. 'कोडु' ऱ्हस्व ओनं म्हटलं तर 'दे', दीर्घ ओनं म्हटलं तर 'शिंग'. दुकानदाराकडे शिंग मागणारी मुलं मी ऐकली आहेत. दुसरी जागा जोडाक्षराची. दुसरं अक्षर पहिल्याच्या खाली लटकतं, त्याला ओत्तक्षर म्हणतात, आणि काही ओत्तक्षरं मूळ अक्षरासारखी दिसतच नाहीत. ती वेगळी पाठ करावीच लागतात, इलाज नाही.

यासाठी नववीचं कन्नड पुस्तक घेऊन बसू नका. धाकट्या भावंडाचं खालच्या इयत्तेचं घ्या. लाज वाटत असेल तर त्याला शिकवायच्या निमित्तानं घ्या. सीबीटीवर, म्हणजे बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, बसची वाट बघताना पाट्या वाचा. गावाचं नाव आधीच माहीत असल्यानं अक्षरं आपोआप सुटतात. घरात मोबाईल असेल तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर उघडा. गोष्टी फुकट आहेत, सोप्या-अवघड अशा चार पातळ्यांत लावलेल्या आहेत आणि कितीतरी गोष्टी मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्हींत सापडतात. आधी मराठीत वाचा, मग तीच कन्नडमध्ये. अर्थ हातात असला की लिपीची धास्ती जाते. इंग्रजीसाठीही हेच करा, निराळा उपाय माझ्याकडे नाही.

पुस्तकं कुठून आणायची, हा प्रश्न खेड्यातल्या मुलांचा. शहरातल्यांना बेळगावचं सार्वजनिक वाचनालय आहे, 1848 सालचं. तिथे एकदा नुसतं फिरून तरी या. खेड्यात ग्रामपंचायतीचं वाचनालय असतं, ज्याच्या पाटीवर आता 'अरिवु केंद्र' असं वाचायला मिळेल. अरिवु म्हणजे जाण, ज्ञान. मुलांना तिथे पैसे पडत नाहीत. कपाटात बहुतेक पुस्तकं कन्नड, म्हणजे वरचा अभ्यास तिथेच होतो. मराठीसाठी शाळेचं कपाट सुट्टी लागायच्या आत गाठा. शेवटच्या दिवशी किल्ली ज्यांच्याकडे असते ते हमखास मूल्यमापनाच्या गडबडीत असतात. आणि थंडीत कडोली, उचगाव, येळ्ळूरला साहित्य संमेलनं भरतात, तिथल्या स्टॉलवर खाऊच्या पैशात एखादं पातळ पुस्तक येतं. जानेवारीत घेतलेलं एप्रिलमध्ये वाचायचं, लोणच्यासारखं.

पालकसभेत मला दरवर्षी विचारतात, "याचा दहावीला काय उपयोग, टीचर?" मी सांगते, 625 पैकी 125 गुण प्रथम भाषेचे आहेत, आणि न पाहिलेला उतारा समोर आल्यावर ज्याला वाचायची सवय आहे तो घाबरत नाही. आकडा ऐकला की माना डोलतात. पट्ट्यांचं मी तिथे बोलत नाही.

मागच्या जूनमध्ये एका मुलीनं वही दिली, तिच्यात फक्त दोन पट्ट्या चिकटवलेल्या. बाकी कोरी. म्हणाली, पुस्तक अर्धंच झालं, मेमध्ये आजी आजारी होती, दवाखान्यात तिच्याजवळ मीच असायची. दुसऱ्या पट्टीवर लिहिलं होतं, 'आजीला इथपर्यंत वाचून दाखवलं. पुढचं काय झालं म्हणून विचारते.'

मी पुस्तकाची मुदत पंधरा दिवसांनी वाढवून दिली.